टेबलावरची लढाई आणि शंभराचे फासे

टेबलाच्या एका कडेने फ्रेंच पायदळाचा कॉलम, म्हणजे एकामागे एक अनेक रांगांचा दाट जथा, पुढे सरकतोय. समोर ब्रिटिश पलटण दोन रांगांच्या लाइनमध्ये उभी आहे. मधलं अंतर पट्टीने सहा इंच, नियमांच्या हिशेबाने दीडशे यार्ड. ब्रिटिश बाजूचा खेळाडू गोळीबार जाहीर करतो आणि मग प्रश्न येतो: किती फ्रेंच पडले?

ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेम हा सगळा खेळच अशा प्रश्नांवर उभा असतो. रंगवलेले छोटे शिपाई, झाडं, टेकड्या, घरं हे बघायला सुंदर असतं. पण ती लढाई खरी वाटेल की पोरखेळ, हे ठरतं नियमपुस्तकातल्या तक्त्यांवर आणि फाशांवर. बहुतेक नियम साधा सहा बाजूंचा फासा वापरतात. काही नियम मात्र टक्केवारीचे फासे मागतात, ज्यांना खेळाडू पर्सेंटाइल डाइस म्हणतात. हे फासे म्हणजे नेमकं काय, ते कुठे खरोखर उपयोगी पडतात आणि कुठे नुसताच अचूकपणाचा आव आणतात, हे इथे सोपं करून सांगतो.

आधी फासे टाकायचे कसे ते. दहा बाजूंचे दोन फासे घ्यायचे, शक्यतो वेगळ्या रंगांचे. एक दहम स्थानाचा, दुसरा एकम स्थानाचा. लाल फाशावर ४ आणि पांढऱ्यावर ७ आले तर दान ४७. दोन्हींवर शून्य आलं तर शंभर. तक्त्यात ‘३५ टक्के’ लिहिलं असेल तर ०१ ते ३५ पैकी काहीही आलं की नेम लागला, ३६ ते १०० आलं की चुकला. कोणता रंग दहमचा हे फासे हातातून सुटण्याआधी सांगायचं असतं. ९२ आणि २९ मधला फरक बघितल्यावर सगळ्यांनाच दुसरा रंग दहमचा असल्याचं आठवू लागतं! काही नियमांत दोन शून्यं म्हणजे शंभर नसून शून्य असतं. तिथे ३५ टक्क्यांसाठी ० ते ३४ ही दानं यशाची. ३५ सुद्धा यशात मोजलं तर प्रत्येक शक्यता गुपचूप एका टक्क्याने वाढते. ५० टक्क्यांच्या ठिकाणी हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण २ टक्क्यांच्या ठिकाणी त्याच चुकीने शक्यता दीडपट होते.

आता सहा बाजूंच्या फाशाशी तुलना. त्यावर फक्त सहा उत्तरं आहेत आणि दोन उत्तरांमधली पायरी जवळजवळ १७ टक्क्यांची आहे. ‘५ किंवा ६ आलं तर लागलं’ याचा अर्थ ३३ टक्के. शत्रू झुडपांआड आहे म्हणून एक वजा केला तर १७ टक्के, म्हणजे थेट निम्मं. अजून एक वजा केला तर शून्य. झुडूप, अंतर, धूर, दमलेले शिपाई अशा चार-पाच गोष्टींचा हिशेब ठेवायला इथे जागाच उरत नाही. शंभराच्या फाशात ती जागा भरपूर आहे.

आकडे आले कुठून

ही कल्पना वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी जॉर्ज फॉन राइसविट्झ याने १८२४ साली आपल्या वडिलांच्या युद्धखेळाला नवं रूप दिलं. नकाशावर खेळायच्या या क्रीगश्पीलमध्ये त्याने गोळीबाराच्या परिणामांसाठी प्रशियन सेनानी शार्नहोर्स्टने नोंदवलेल्या चाचण्यांचे आकडे आधाराला घेतले आणि खास फासे तयार केले. ते साधे एक ते सहाचे नव्हते. बरोबरीची लढत असेल तर एक फासा, एका बाजूचं बळ जास्त असेल तर दुसरा, अशी रचना होती. म्हणजे शक्यतांचा तक्ता फाशाच्या अंगावरच कोरलेला. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी, जनरल म्युफलिंगनी, हा खेळ पाहिला आणि सैन्यात त्याची शिफारस केली.

मग मधल्या काळात छंद म्हणून खेळणाऱ्यांनी वेगळ्याच वाटा शोधल्या. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या नियमांत तोफेचा परिणाम ठरवायला फासा नव्हताच. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा उडवायचा आणि जे शिपाई आडवे झाले ते मेले. दिवाणखान्यात त्याची मजा निश्चितच असणार, पण त्यात नेमबाजी शिपायांची नव्हे, खेळाडूची असते.

टक्केवारीचे फासे मिनिएचर खेळणाऱ्यांच्या हाती आले ते १९७० च्या सुमारास, आणि तेही आडवळणाने. जपानमध्ये संख्याशास्त्राच्या कामासाठी वीस बाजूंचे फासे बनवले जात. त्यांच्यावर ० ते ९ हे अंक दोनदा छापलेले असत. कारखान्यातल्या मालाची तपासणी करताना कोणता नमुना उचलायचा हे ठरवायला असे यादृच्छिक आकडे लागत. वॉरगेम खेळणाऱ्यांना त्यात आपल्या कामाची वस्तू दिसली. आज मिळतो तो दहा बाजूंचा फासा नंतर रुळला.

तक्त्यातले टक्के ठरवायचे कसे, हा खरा अवघड भाग. अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका प्रशियन चाचणीचे आकडे नेपोलियन काळाबद्दलच्या लिखाणात वारंवार येतात. शंभर फूट लांब आणि सहा फूट उंच कापडी लक्ष्य, म्हणजे साधारण शत्रूच्या तुकडीएवढा पडदा. त्यावर पायदळाने मस्केट, म्हणजे त्या काळच्या लांब बंदुका, झाडल्या. ७५ यार्डांवरून ६० टक्के गोळ्या लागल्या, १५० वरून ४० टक्के आणि २२५ वरून २५ टक्के.

हे आकडे पाहिले की तसेच्या तसे तक्त्यात टाकायचा मोह होतो. टाकले, तर टेबलावरच्या दोन्ही पलटणी दोन फैरींत संपतील. पडदा उलट गोळ्या झाडत नाही. चाचणीत शेजारचा माणूस ओरडत कोसळत नाही, तिसऱ्या फैरीनंतर धुरात समोरचं दिसेनासं होत नाही, आणि घाईत बार भरताना अर्धी दारू जमिनीवर सांडत नाही. गारगोटीच्या मस्केटचा बार उडालाच नाही हेही सारखं व्हायचं, आणि घाबरलेला माणूस हमखास उंच मारतो. प्रत्यक्ष रणांगणावर झाडलेल्या गोळ्या आणि पडलेली माणसं यांचं गुणोत्तर चाचणीपेक्षा कितीतरी पटींनी कमी होतं.

मग चाचणीचा उपयोग काय? माझ्या मते, उतारासाठी. ६०, ४०, २५ हे आकडे सोडून द्यावेत. अंतर तिप्पट झालं की परिणाम निम्म्याहून खाली येतो, हे नातं ठेवावं. रणांगणावर हा उतार याहून तीव्र असणार, कारण लांबवरच्या नेमावर भीती आणि धूर यांचा परिणाम जास्त. म्हणून मी ७५ यार्डांना १२ टक्के धरत असेन तर १५० ला ६ आणि २२५ ला २ धरेन. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आणि शंभराच्या फाशाचा पहिला मोठा गुण इथेच आहे: तक्त्यातला आकडा वाचता येतो. ‘दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त’ असं लिहिलेलं वाचून ते २८ टक्के आहेत हे किती जणांना चटकन कळेल? ‘२८’ लिहिलं की कुणीही म्हणू शकतं, छे, हे फार झालं. वाद घालता येतो, आकडा बदलता येतो. नियम लिहिणाऱ्याला आपला अंदाज लपवायला जागा उरत नाही.

शिवाय तो टक्का एका गोळीचा आहे, एका फैरीचा की एका डावाचा, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. चांगला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढत असे. खेळातला एक डाव म्हणजे लढाईतली पंधरा मिनिटं, म्हणून चाळीस फैरींचा हिशेब करायचा नसतो. त्या पंधरा मिनिटांत वाट पाहणं, हुकूम पोचणं, रांग नीट करणं, धूर विरायची वाट बघणं हे सगळं येतं.

शेकड्यात तीन

शंभराच्या फाशांना तोड नाही असं क्षेत्र शोधायचं असेल तर समुद्राकडे बघावं. ३१ मे १९१६ रोजी सुरू झालेल्या जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या मोठ्या युद्धनौकांनी हजारो अवजड गोळे डागले. त्यातले लागले शेकडा तीनच्या आसपास. जर्मनांचे थोडे जास्त, ब्रिटिशांचे थोडे कमी. मैलोन्‌मैल अंतर, दोन्ही जहाजं वेगात, धूर आणि धुकं. यात तीन टक्के म्हणजे वाईट नेमबाजी नव्हे.

सहा बाजूंच्या एका फाशावर तीन टक्के बसवताच येत नाहीत. दोन फासे टाकले आणि दोन्ही सहा आले तर मात्र ती शक्यता ३६ मध्ये एक, म्हणजे २.८ टक्के, अगदी चपखल. अडचण पुढच्या पायरीला येते. हवा स्वच्छ आहे, शत्रूची आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतेय, म्हणून दानात एक मिळवलं, तर आता ११ किंवा १२ चालतं. शक्यता ८.३ टक्के, म्हणजे तिप्पट. इतका फरक करायचा आपला हेतू मुळीच नसतो. शंभराच्या फाशावर ३ चे ४ करता येतात आणि ४ चे ५.

आणि एका टक्क्याचा फरक इथे खरोखर जाणवतो, कारण गोळे शेकड्यांनी डागले जातात. हे तत्त्व नीट समजून घेण्यासारखं आहे. एकदाच होणाऱ्या गोष्टीत बारीक टक्केवारीला काही अर्थ नसतो. घोडदळाचा हल्ला यशस्वी होण्याची शक्यता ६२ टक्के धरा की ६५. त्या दिवशीच्या खेळात असे चार हल्ले होणार, फरक कुणाच्याही ध्यानात येणार नाही. नियमपुस्तकात ६२, ६७, ७३ असे आकडे दिसले की मी जरा सावध होतो. बारीक आकडा म्हणजे बारीक अभ्यास, असं असतंच असं नाही.

पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होत असेल तर चित्र पालटतं. समजा एका पलटणीला दर डावाला मनोधैर्याची परीक्षा द्यावी लागते. पास होण्याची शक्यता ९० टक्के असेल तर सहा डाव टिकण्याची शक्यता किती? ९० टक्के सहा वेळा गुणले की ५३. पलटण टिकेल की पळेल हे जवळपास नाणेफेकीवर आलं. ९५ टक्के धरले तर ७४. ९८ धरले तर ८९. इथे दोन-तीन टक्क्यांवर सगळा खेळ उलटा होतो, आणि सहा बाजूंच्या फाशावर हे तीन आकडे वेगळे दाखवायची सोयच नाही.

एक दान, तीन हिशेब

नवख्या खेळाडूला वाटतं की फाशाला बाजू जास्त म्हणजे नशिबाचा खेळ जास्त. तसं नाही. नशीब किती चालणार हे बाजूंच्या संख्येवर ठरत नाही. किती वेळा फासा टाकता आणि दानाचं पुढे काय करता, यावर ठरतं. त्याच शंभराच्या फाशाने अगदी लहरी लढाई घडवता येते किंवा अगदी हिशेबी.

पहिली पद्धत सगळ्यांच्या ओळखीची: प्रत्येक शिपायामागे एक दान. बारा शिपाई, प्रत्येकाला १७ टक्के. सरासरी दोन शत्रू पडतात. पण नऊ वेळांत एकदा एकही पडत नाही, आणि साधारण सत्तावीस वेळांत एकदा पाच किंवा जास्त पडतात. सहाच्या फाशांनी हे मूठभर फासे एकदम टाकून दोन सेकंदांत होतं. शंभराच्या फाशांनी बारा जोड्या टाकायच्या, दहम-एकम जुळवायचे, वाचायचे. कंटाळा येतो. या पद्धतीसाठी शंभराचे फासे वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. १७ टक्के हवे असतील तर सहाचा फासा ते काम फुकटात करतो.

दुसरी पद्धत जुन्या नेपोलियनिक नियमांतली, आणि मला सर्वांत आवडणारी. शिपायांची संख्या आणि टक्के यांचा गुणाकार करायचा. एक शिपाई म्हणजे वीस माणसं, पलटण ४८० माणसांची, म्हणून टेबलावर २४ शिपाई. परिणाम ५ टक्के. २४ गुणिले ५ म्हणजे १२०. यातले शंभर म्हणजे एक शिपाई नक्की पडला. उरलेल्या २० साठी एकदाच फासे टाकायचे. २० किंवा कमी आलं तर दुसराही पडला. संपूर्ण पलटणीचा गोळीबार एका दानात निकालात निघतो, आणि उरलेला अपूर्णांकही वाया जात नाही.

या पद्धतीचा दोष असा की ती फारच शहाणी आहे. २४ जणांच्या फैरीत एक किंवा दोन, एवढंच. कधी शून्य नाही, कधी चार नाहीत. सेनापतीला आधीच सगळं माहीत असल्यासारखा खेळ होतो. त्यावर साधा उपाय: गुणाकार करण्याआधी फैर कशी झाली यासाठी एक दान टाकायचं. ०१ ते १५ आलं तर फैर विस्कळीत, टक्के निम्मे. ८६ च्या पुढे आलं तर फैर एकदम आणि खाली रोखलेली, टक्के दुप्पट. मधलं काहीही आलं तर आहे तसंच. पलटण कसलेली असेल तर विस्कळीत फैरीचा पट्टा ०५ पर्यंत आणायचा, नवखी असेल तर ३० पर्यंत न्यायचा. कवायतीचा खरा फायदा असाच असतो. उत्तम पलटणीची सर्वांत चांगली फैर इतरांहून फार वेगळी नसेलही, पण तिच्या वाईट फैरी कमी असतात.

तिसरी पद्धत म्हणजे किती फरकाने जिंकलं ते मोजणं. हवे होते ६० किंवा कमी, आले १२, फरक ४८. मग नियम म्हणतो, साध्या यशाला एक शिपाई आणि फरकाच्या दर वीसमागे आणखी एक. एकाच दानात लागलं की नाही आणि किती जोरात लागलं, दोन्ही कळतं. फार सोयीचं वाटतं, पण त्याच्या पोटात एक गोम आहे. शक्यता २० टक्के असेल तर सरासरी ०.२ शिपाई पडतो. ४० असेल तर ०.४ पडायला हवा, पण पडतो ०.६, कारण आता फरकही मोठा येऊ शकतो. ६० असेल तर १.२. शक्यता तिप्पट झाली आणि परिणाम सहापट! नियम लिहिणाऱ्याने अंतराप्रमाणे २०, ४०, ६० असा विचारपूर्वक उतार दिला आणि वर फरकही मोजला, तर जवळच्या गोळीबाराचा फायदा त्याने दोनदा दिला. अनेक खेळांत जवळची एकच फैर सगळा निकाल लावते, त्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

सहाच्या फाशांच्या खेळांत एका नेमासाठी तीन टप्पे असतात, त्याबद्दलही इथेच बोलून घेतो. आधी नेम लागला का: ४ किंवा जास्त. मग घाव खोल गेला का: ४ किंवा जास्त. मग शत्रू वाचला का: ५ किंवा जास्त. गुणून पाहिलं तर अर्धा गुणिले अर्धा गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे १७ टक्के. तीन वेळा फासे टाकून आपण एका फाशाचंच उत्तर काढलं. शंभराच्या फाशावर हे एका दानात होतं. तरीही तीन टप्पे लोकांना आवडतात, कारण शेवटचं दान ज्याच्यावर गोळी झाडली तो टाकतो. आपला शिपाई आपल्या हाताने वाचवायचा आनंद गणितात येत नाही, आणि खेळ शेवटी दोघांनी खेळायचा असतो.

वजाबाकी की भागाकार

शंभराच्या फाशांचे नियम बिघडतात ते बहुतेकदा बदल लावताना. कसलेल्या पलटणीचे टक्के ६०, नवख्यांचे ३०. लांब अंतर, वजा २०. झाडीची आड, वजा २०. कसलेल्यांचे उरले २०. नवख्यांचे उणे १०, म्हणजे शून्य. सुरुवातीला एक गट दुसऱ्याच्या दुप्पट चांगला होता. आता एकाला जमतं आणि दुसऱ्याला जमणं अशक्य. झाडीने गोळ्या अडवताना त्या कुणी झाडल्या हे बघितलं की काय?

झाडी अर्ध्या गोळ्या अडवते असं आपल्याला म्हणायचं असेल तर टक्के निम्मे करायला हवेत. ६० चे ३० आणि मग १५. ३० चे १५ आणि मग साडेसात. नातं दुपटीचंच राहिलं. पण खेळाच्या भरात साडेसातचे निम्मे करत बसायला कुणालाच आवडत नाही. त्यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे टक्क्यांची एक शिडी: २, ३, ५, ७, १०, १५, २०, ३०, ४०, ६०. दोन पायऱ्या चढल्या की आकडा साधारण दुप्पट होतो, दोन उतरल्या की साधारण निम्मा. हलकी आड म्हणजे एक पायरी खाली, दगडी भिंत म्हणजे तीन पायऱ्या खाली, शत्रू दाटीवाटीच्या कॉलममध्ये असेल तर एक पायरी वर. डोक्यात गुणाकार नाही, उणे आकडे नाहीत, आणि शिडीची खालची पायरी कायम २ टक्के, म्हणजे अशक्य असं काही उरत नाही. कुणाला सहावी पायरी हवी की सातवी यावर वाद होतील, पण ते लढाईबद्दलचे वाद असतील.

एकम स्थानाच्या अंकाबद्दल एक सावधगिरी. काही नियम त्याच दानाचा एकमचा अंक दुसऱ्या कामाला वापरतात, जसं गोळा जहाजाच्या कोणत्या भागाला लागला. ४० टक्क्यांना हे ठीक आहे. ०१ ते ४० मध्ये प्रत्येक अंक चार-चार वेळा येतो. ३५ टक्क्यांना १ ते ५ हे अंक चार वेळा येतात आणि बाकीचे तीन वेळा, थोडं कलतं पण चालेल. आता जटलंडच्या ३ टक्क्यांना हाच नियम लावा. नेम लागणारी दानं तीनच: ०१, ०२, ०३. म्हणजे गोळा कायम पहिल्या तीन भागांवरच पडणार. जहाजाच्या भागांच्या तक्त्यात चौथ्या क्रमांकावर दारूगोळ्याची कोठी असेल तर ती कधीच उडणार नाही! अशा ठिकाणी जागेसाठी वेगळा फासा टाकायला हवा, अंक उलटे वाचून काही साधत नाही.

हातघाई आणि धीर

हातघाईची लढाई टक्क्यांत बसवायची सोपी रीत अशी: बरोबरीला ५०, आणि बळातल्या दर गुणाच्या फरकाला ५. हल्लेखोर ७, बचाव करणारा ५, तर हल्लेखोराचे ६०. याहून जास्त गुंतागुंत मी करत नाही, कारण नेपोलियनच्या काळात संगिनी भिडायच्या आधीच बहुतेकदा एक बाजू मागे फिरे. फ्रेंच शल्यचिकित्सक लारे यांनाही जखमींमध्ये संगिनीच्या जखमा अगदी थोड्या आढळल्या होत्या. खरा प्रश्न कोण जास्त भोसकतं हा नसून कोणाचा धीर आधी सुटतो, हा आहे.

आणि धीराच्या बाबतीत मात्र वजाबाकी आणि फरक मोजणं, दोन्ही शोभतात. पाया ८०. पलटणीची जितके टक्के हानी झाली तितके वजा. सेनापती जवळ असेल तर अधिक १०, बगलेवर शत्रू असेल तर वजा १०. चतुर्थांश माणसं गमावलेल्या पलटणीचे उरले ५५. दान ५६ ते ७५ आलं तर ती शिस्तीत मागे सरकते, त्यापुढे आलं तर फुटते. जितकी परिस्थिती वाईट तितकं फुटण्याचं प्रमाण अधिक, आणि ते तसंच असायला हवं.

असा तक्ता बनवला की टेबल मांडायच्या आधी कागदावर चालवून बघावा. दर डावाला १० टक्के हानी धरली तर ६०० माणसांची पलटण सात डावांत २८७ वर येते. पंधरा मिनिटांचा डाव म्हणजे पावणेदोन तासांत निम्म्याहून जास्त माणसं गेली. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चालली, आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्याची हानी दिवसाअखेर साधारण एक चतुर्थांश होती. म्हणजे तक्ता फारच रक्तरंजित आहे, शिडीवरून दोन पायऱ्या तरी उतरायला हव्यात.

दुसरी परीक्षा टोकाच्या उदाहरणाची. त्याच दिवशी ब्रिटिशांची २७ वी इनिस्किलिंग पलटण ला हे सांत या शेतवाडीजवळच्या चौरस्त्यापाशी चौकोन करून, म्हणजे चारही बाजूंना तोंड करून, उभी होती. तिची दोन-तृतीयांशच्या आसपास माणसं पडली, पण चौकोन मोडला नाही. वरचं सूत्र लावलं तर ८० वजा ६७, अधिक सेनापतीचे १०, उरले २३. इतक्या हानीवर लागोपाठ चार परीक्षा पास होण्याची शक्यता हजारात तीनसुद्धा नाही. सूत्र सांगतंय की हे घडणं जवळपास अशक्य होतं. चौकोनातल्या पलटणीसाठी हानी निम्मीच वजा केली आणि चौकोनाचे २० दिले, तर ७७ होतात आणि चार परीक्षांची शक्यता ३५ टक्के. हे जरा जास्तच उदार झालं; मग कुठलीही पलटण चौकोन करून अमर होईल. चौकोनाचे २० ऐवजी १० दिले तर ६७ होतात, आणि चारही परीक्षा पास होण्याची शक्यता २० टक्के, म्हणजे पाचांत एक. माझ्या तक्त्यात सध्या १० आहेत.